यंत्र लावणारा हात

(हिंगोली जिल्ह्यातील तंत्रशिक्षण घेणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाची संहिता)



मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी शेतकऱ्याच्या अंगणात एक काम चालते. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिफण आडवी पाडलेली असते. फणांमधील अंतर मोजले जाते, सैल झालेली पाचर ठोकून घट्ट केली जाते, नळ्यांत साचलेली गेल्या वर्षीची माती काढली जाते. चाड्यातून मूठभर बी सोडून ते तिन्ही नळ्यांतून सारखे उतरते की नाही, हे पाहिले जाते. शेतात गेल्यावरही तो शेतकरी एकदम सगळे रान पेरीत सुटत नाही. पहिले तास थोडे पुढे गेले की तो बैल थांबवतो, खाली वाकतो, बोटाने माती उकरतो आणि बी किती खोल पडले ते पाहतो. मनाचे समाधान झाले तरच तिफण पुढे जाते. आज अनेक ठिकाणी तिफणीच्या जागी ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आले आहे. पण पहिल्या तासाला थांबून वाकण्याची रीत जाणत्या शेतकऱ्याने सोडलेली नाही. पेरणीतली चूक पेरताना दिसत नाही. ती उगवणीच्या वेळी दिसते, आणि तोवर बियाण्याचा पैसा व जमिनीतला ओलावा दोन्ही निघून गेलेले असतात.

आता याच शेतकऱ्याचा मुलगा पाहा. सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या गावातून तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत येतो. टर्नर किंवा मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करतो आणि पिशवी घेऊन वाळूजला, चाकणला, पिंपरी-चिंचवडला जातो. गावी निरोप येतो, ‘मुलगा सीएनसीवर लागला.’ घरच्यांना आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. पण वर्षभराने तो दिवाळीला घरी आला की वडिलांनी त्याला एक प्रश्न विचारावा. ‘बाळा, तू यंत्र चालवतोस की यंत्र लावतोस?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या मुलाच्या पुढच्या तीस वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. आजच्या भाषणाचा विषय तेवढाच आहे.

एक यंत्र, दोन माणसे

कारखान्यात एकाच सीएनसी यंत्रासमोर दोन प्रकारची माणसे उभी राहतात. पहिला ऑपरेटर. तो दार उघडतो, तयार झालेला जॉब काढतो, नवा चढवतो, दार लावतो आणि हिरवे बटण दाबतो. आठ तासांत हे शेकडो वेळा घडते. दुसरा सेटर. नवे काम आले, नवे रेखाचित्र आले की यंत्र त्या कामासाठी सिद्ध करणे ही त्याची जबाबदारी. जॉब कसा पकडायचा, कोणते टूल कोणत्या जागी लावायचे, माप कोठून धरायचे, पहिला नग योग्य आहे की नाही हे कोणी ठरवायचे, ही सारी कामे त्याची. सेटरने यंत्र लावून दिले की ऑपरेटरने बटण दाबायचे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीत गैर काही नाही. प्रत्येक जण प्रथम ऑपरेटरच असतो. गैर आहे ते एवढेच, की अनेक मुले तेथेच राहतात. बटण दाबण्याचे काम दोन दिवसांत शिकता येते, म्हणून ते करणारा माणूस दोन दिवसांत बदलताही येतो. कंत्राट संपले की तो दुसऱ्या दारात उभा राहतो आणि तेथेही पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. पाच वर्षांचा अनुभव त्याच्या कागदावर लिहिलेला असतो. प्रत्यक्षात तो एकाच दिवसाचा अनुभव पाच वर्षे पुन्हापुन्हा घेतलेला असतो. शिवाय जॉब उचलून यंत्रात ठेवण्याचे हेच काम आता यांत्रिक हात करू लागले आहेत. नव्या कामासाठी यंत्र लावण्याचा विचार मात्र आजही माणसालाच करावा लागतो. म्हणून सेटिंग शिकणे हा केवळ पगारवाढीचा प्रश्न नाही. मुलाच्या हातात विद्या राहते की नुसती मजुरी, असा तो प्रश्न आहे.

यंत्राला काय कळत नाही

संख्यांच्या आज्ञेवर चालणारे पहिले यंत्र १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जगासमोर आले. त्या काळी आज्ञा कागदी पट्टीवर छिद्रे पाडून दिल्या जात. पुढे त्या जागी संगणक आला आणि ‘सीएनसी’ हे नाव रूढ झाले. आज भारतीय कारखान्यांत परदेशी यंत्रांच्या शेजारी बंगळुरू आणि राजकोट येथे तयार झालेली यंत्रेही दिसतात. पडद्यावर आकडे धावतात, टूल आपोआप बदलते, आणि नव्या मुलाला वाटते की यंत्राला सर्व काही कळते.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. यंत्राला डोळे नाहीत. जॉब कोठे आहे, तो लोखंडाचा आहे की ॲल्युमिनियमचा, टूल लांब आहे की आखूड, पकड घट्ट आहे की सैल, यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. त्याला फक्त स्वतःचा एक शून्यबिंदू ठाऊक असतो. निर्मात्याने तो कायमचा ठरवून दिलेला असतो. ‘येथून इतके मिलिमीटर उजवीकडे जा, इतके खाली उतर’ एवढीच आज्ञा ते पाळते. आणि आज्ञा चुकीची असली तरी तितक्याच निष्ठेने पाळते. यंत्राची ही आंधळी निष्ठा आणि समोरचा खरा जॉब यांची गाठ घालून देणे, याचे नाव सेटिंग.

पकड : सगळ्याचा पाया

सेटिंगची सुरुवात संगणकापाशी होत नाही. ती पुसण्याच्या फडक्यापासून होते. व्हाइसच्या तळाशी किंवा जॉबखाली ठेवलेल्या पॅरललवर धातूचा एक बारीक कीस राहिला, समजा एक दशांश मिलिमीटर जाडीचा, तर जॉब त्या बाजूने उचलला जातो. पुढचे सारे गणित अचूक केले तरी त्या नगाची समांतरता गेलेली असते. खंडेनवमीला कारखान्यातील प्रत्येक यंत्र पुसून, हळद-कुंकू वाहून पुजले जाते. जाणता सेटर हळद-कुंकू वर्षातून एकदाच वाहतो. पुसण्याची पूजा मात्र तो प्रत्येक जॉबपूर्वी करतो.

त्यानंतर व्हाइस सरळ आहे की नाही ते पाहायचे. यासाठी डायल लावतात. डायलचे टोक व्हाइसच्या स्थिर जबड्याला टेकवून टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायचे आणि काटा किती हलतो ते पाहायचे. काटा हलला की बोल्ट किंचित सैल करून हलक्या हातोडीने ठोका द्यायचा आणि पुन्हा पाहायचे. नवा मुलगा हे करताना घामाघूम होतो. एका टोकाला शून्य जुळवावे तर दुसरे टोक सुटते. अर्धा तास जातो. पुढे कधीतरी त्याच्या लक्षात येते की पूर्ण फरक काढायचा नसतो, तो अर्धा काढायचा आणि पुन्हा फिरून पाहायचे. हे वाक्य पुस्तकात वाचून कळते; हाताला ते कळायला दहा वेळा चुकावे लागते.

जॉब धरण्यामागे एक साधे शास्त्र आहे. तीन-दोन-एक असे त्याचे नाव. एखादा ठोकळा जागेवर निश्चित बसवायचा असेल तर त्याला खालून तीन बिंदूंवर आधार द्यावा, एका बाजूने दोन बिंदूंवर टेकवावा आणि टोकाशी एका बिंदूवर अडवावा. या सहा बिंदूंनी त्याची जागा पक्की ठरते. तीन पायांचे तिवई-स्टूल खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, चार पायांची खाट मात्र डगमगते, हे गावातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. तेच तत्त्व येथे लागू होते. रेखाचित्रावर ए, बी, सी अशी अक्षरे चौकटीत दिलेली असतात. ती आधारपृष्ठे. रेखाचित्रकाराने ज्या पृष्ठापासून माप दिले, त्याच पृष्ठावर जॉब टेकवला तर माप जुळते. सोयीचे म्हणून दुसरीकडे टेकवला तर प्रत्येक नगात थोडी थोडी चूक शिरते आणि ती कोठून आली हे कोणालाच सापडत नाही.

टर्निंग सेंटरवर पकडीची आणखी एक परीक्षा होते. पातळ भिंतीची कडी तीन जॉच्या चकमध्ये जोरात आवळली तर ती तीन ठिकाणी दाबली जाते. त्या स्थितीत यंत्र तिला आतून अगदी गोल कापते. चक सैल केल्याबरोबर कडी आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि गोल कापलेले भोक तीन बाजूंनी फुगते. यंत्रात तपासले तर माप बरोबर, हातात घेतले तर चूक! नवा मुलगा येथे यंत्राला दोष देतो. जाणता सेटर दाब कमी करतो, आणि मऊ जॉ लावून ते कामाच्या दाबाखालीच त्या व्यासाला बोअर करून घेतो, म्हणजे पकड तीन बिंदूंऐवजी सगळ्या घेरावर वाटली जाते.

शून्य, लांबी आणि दशांश चिन्ह

पकड झाली की यंत्राला सांगायचे, ‘तुझा शून्य तेथे असला तरी या जॉबचा शून्य येथे आहे.’ याला कारखान्यात झिरो घेणे म्हणतात. जॉबच्या कडेला एज फाइंडर टेकवून ती जागा जी ५४ या नावाच्या कप्प्यात नोंदवतात. येथे प्रत्येक नवा मुलगा एक चूक करतो. एज फाइंडरचे टोक १० मिलिमीटर व्यासाचे असेल तर ते कडेला टेकले तेव्हा स्पिंडलचा मध्य कडेपासून ५ मिलिमीटर दूर असतो. ते ५ मिलिमीटर हिशेबात धरायचे राहून गेले की सगळी भोके ५ मिलिमीटर सरकतात. ही चूक एकदा झाली की जन्मभर पुन्हा होत नाही. मात्र ती पहिल्यांदा टाकाऊ तुकड्यावर व्हावी की ग्राहकाच्या महागड्या जॉबवर, हे त्याला शिकवणारा कोण आहे यावर अवलंबून असते.

मग टूलची लांबी. प्रत्येक टूल वेगळ्या लांबीचे, म्हणून प्रत्येकाची लांबी स्वतंत्र क्रमांकाखाली नोंदवावी लागते. एक उदाहरण घ्या. रात्रपाळीत ड्रिल बोथट झाले म्हणून नव्या मुलाने दुसरे लावले. ते होल्डरमधून पूर्वीपेक्षा १२ मिलिमीटर अधिक बाहेर आले होते. पण लांबीचा जुना आकडा तसाच राहिला. प्रोग्राममध्ये लिहिले होते की टूलने वेगाने खाली यावे आणि जॉबच्या ५ मिलिमीटर वर थांबून मग सावकाश भोक पाडावे. यंत्राने आज्ञा पाळली. परंतु ड्रिलचे टोक १२ मिलिमीटर पुढे असल्यामुळे ते जॉबच्या वर थांबले नाही, तर ७ मिलिमीटर आत घुसू पाहू लागले, तेही पूर्ण वेगाने. ड्रिल मोडते, जॉब जातो, कधी स्पिंडलच्या बेअरिंगलाच धक्का बसतो. यंत्र दुरुस्त होईपर्यंत बंद राहते, आणि सगळा दोष त्या मुलाच्या माथी येतो. ‘लांबी पुन्हा घे’ हे तीन शब्द त्याला कोणी सांगितले होते का, हे मात्र विचारले जात नाही.

वेगाचे गणितही प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावे. अनेक यंत्रांचा मोकळा धावण्याचा वेग मिनिटाला ३० मीटर असतो. म्हणजे सेकंदाला ५०० मिलिमीटर. चूक डोळ्यांना दिसून हात बटणापर्यंत पोहोचायला सेकंदाचा पाचवा भाग जरी लागला, तरी तेवढ्यात टूल १०० मिलिमीटर पुढे गेलेले असते. म्हणून नव्या सेटिंगचा पहिला नग कोणीही पूर्ण वेगाने काढीत नाही. प्रथम जॉबपासून दूर हवेत ड्राय रन. मग सिंगल ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच ओळ. वेगाची कळ अगदी खाली, एक हात थांबवण्याच्या बटणावर. टूल जॉबजवळ आले की थांबवायचे आणि पडद्यावर ‘अजून किती अंतर जायचे आहे’ तो आकडा पाहायचा. पडदा म्हणतो ४० मिलिमीटर आणि डोळ्यांना अंतर दिसते १०, तर कोणाचे ऐकायचे? डोळ्यांचे. ज्याला हे एक वाक्य वेळेवर कळले त्याच्या हातून यंत्र सहसा आदळत नाही.

एवढ्याशा दशांश चिन्हाचेही तसेच. अनेक नियंत्रकांवर ५० लिहून पुढे टिंब दिले नाही तर यंत्र ते ५० मिलिमीटर समजत नाही, ५० मायक्रॉन समजते, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. आणि अधिक-उणे चिन्हाचेही तेच. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर हवा आहे आणि मोजला तर २५.०४ भरतो. ऑफसेटमध्ये उणे ०.०४ द्यायचे. घाईत अधिक दिले तर पुढचा नग २५.०८ येतो. शाळेत गणिताच्या वहीत अशा चुकीला अर्धा गुण कापला जातो. कारखान्यात त्या चुकीची किंमत लोखंडाच्या भावाने मोजली जाते.

पहिला नग

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या नर्सी गावाकडे महाराष्ट्र पाहतो, ते याच जिल्ह्यात आहे. नामदेव शिंपी समाजातले. शिंप्याची दोन साधने, गज आणि कात्री. आणि त्यांचा क्रमही ठरलेला, आधी गज, मग कात्री. कापड एकदा कापले की ते पुन्हा जोडून अखंड होत नाही. धातूचेही तसेच आहे. जास्त राहिलेला धातू पुन्हा काढता येतो, जास्त काढलेला परत लावता येत नाही. म्हणून शहाणा सेटर पहिला नग मुद्दाम थोडा जास्त ठेवतो. बाहेरचा व्यास मापापेक्षा काही शतांश मोठा, भोक काही शतांश लहान. मग मोजतो, आकडा दुरुस्त करतो आणि शेवटचा हात मारतो.

मोजणे ही स्वतंत्र विद्या आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या भोकाला एच ७ या सर्वमान्य प्रमाणानुसार केवळ ३५ मायक्रॉनांची सूट मिळते. अर्ध्या केसाइतकीच म्हणा ना! आणि पोलाद उष्णतेने वाढते. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब मोजण्याच्या साधनापेक्षा १० अंशांनी गरम असेल तर तो सुमारे ११ ते १२ मायक्रॉन मोठा भरतो. म्हणजे मिळालेल्या सुटीचा तिसरा हिस्सा केवळ घाईने खाल्ला. जगभर मापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस ठरलेले आहे, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. यंत्रातून नुकताच निघालेला जॉब लगेच मोजू नये, तो आणि मापक एका जागी ठेवून दोघांना सारखे होऊ द्यावे, हे ज्याला कळते तो कारागीर.

पहिला नग पास झाला म्हणजे काम संपले असेही नाही. इन्सर्टची धार झिजते, यंत्र दिवसभर चालून तापते, माप हळूहळू सरकत जाते. दर काही नगांनंतर मोजून कागदावर लिहीत गेले तर माप कोणत्या दिशेने चालले आहे ते आधीच दिसते, आणि नग बाद होण्यापूर्वी ऑफसेट दुरुस्त करता येतो.

शिकवणार कोण?

एवढे सगळे अवघड आहे का? नाही. दहावी झालेल्या मुलाला बेरीज, वजाबाकी, दशांश आणि थोडी भूमिती येत असेल तर हे सर्व त्याच्या आवाक्यातले आहे. अडचण दुसरीकडे आहे. नवा मुलगा धीर करून विचारतो, ‘दादा, झिरो कसा घेतला ते एकदा दाखवा ना.’ उत्तर मिळते, ‘तू आधी पीस काढ, शिफ्टचा आकडा भरायचाय.’ कधी सेटर त्याच्याकडे पाठ करून पडद्यावर आकडे भरतो. त्यालाही भीती असते की मुलगा शिकला तर उद्या आपली जागा घेईल. ही भीती पूर्णपणे खोटी नाही, आणि म्हणूनच ती केवळ उपदेशाने जाणार नाही. शिकवणाऱ्या सेटरचा मान आणि मोबदला त्यामुळे वाढतो, असे कारखान्याने प्रत्यक्ष दाखवले तरच ती जाईल.

विद्या लपवल्यामुळे कसब कसे बुडते याचे अनुभव या समाजाने घेतलेले आहेत. आणि विद्या उघडी ठेवल्यामुळे काय घडते याचेही उदाहरण महाराष्ट्राजवळ आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईला गेले. रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीत दोष निघाला, तेव्हा ते यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेला त्यांचा उद्योग १९०३ मध्ये लोखंडी नांगरापर्यंत पोहोचला. लोखंडाने जमीन विषारी होईल, असे त्या वेळी शेतकरी म्हणत. १९१० मध्ये सातारा भागातील औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्यांच्या घराण्यात कोणी लेथ पाहिला नव्हता अशी खेड्यातली माणसे तेथे यंत्रावर उभी राहिली आणि कारागीर झाली. खेड्यातल्या हाताला यंत्र जमत नाही, हा समज शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरला आहे. त्या हाताला कोणीतरी दाखवावे मात्र लागते.

दाखवण्याच्या व्यवस्था आज आहेत. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. तेथे दहावीनंतर टूल आणि डाय बनवण्याची पदविका घेता येते, आणि साचे घडवण्याचे काम हातानेच शिकावे लागते. हिंगोलीच्या मुलासाठी ते शहर पुण्यापेक्षा जवळ आहे, तरी अनेक पालकांना त्या संस्थेचे नावही ठाऊक नसते. शिकाऊ उमेदवारी ही शिकण्यासाठी आहे. ज्या उमेदवाराकडून वर्षभर केवळ नग काढून घेतले, त्याला प्रमाणपत्र मिळाले तरी प्रशिक्षण मिळाले असे म्हणता येत नाही.

औंढ्याच्या माळावर

मापाच्या या गोष्टीला हिंगोली जिल्ह्यात आता एक विलक्षण संदर्भ आला आहे. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. तेथल्या मंदिराच्या पायथ्याशी असलेले दगडी कोरीवकाम पाहिले की एकावर एक बसवलेल्या शिळांचे सांधे घडवणाऱ्या हातांचा विचार मनात येतो. त्या पाथरवटांनीही आधी एक पृष्ठ सपाट केले असेल, त्यावरून दोरी धरली असेल आणि मगच छिन्नी चालवली असेल. त्यांची आधारपृष्ठे दगडात होती, एवढाच फरक.

याच औंढा तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या, टोकांना आरसे. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम गुरुत्वीय लहर टिपली, तेव्हा भुजेच्या लांबीत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. मायक्रॉन तेथे डोंगराएवढा वाटावा, असे हे माप!

वेधशाळा झाली म्हणून प्रत्येक घरातल्या मुलाला नोकरी लागेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. वेधशाळा हा कारखाना नव्हे. परंतु जगातले अत्यंत सूक्ष्म मापन ज्या तालुक्यात व्हायचे आहे, त्या तालुक्यातील मुलाला मायक्रोमीटर नीट धरता येत नसेल, तर ती वेधशाळा त्याच्यासाठी कुंपणापलीकडची एक इमारत राहील. ती त्याची व्हायची असेल तर मापाची गोडी शाळेपासून लागली पाहिजे.

तिघांसाठी तीन गोष्टी

विद्यार्थ्यांनी एक वही ठेवावी. जे यंत्र मिळेल त्याचे नाव, जॉबचे चित्र, पकड कशी केली, झिरो कोठे घेतला, कोणते टूल, किती वेग, काय चुकले, हे रोज लिहावे. मोबाइलमधले चित्र हरवते, वही राहते. सेटर काम करीत असेल तेव्हा त्याला फडके द्या, स्पॅनर द्या, जेवणाच्या सुटीतली दहा मिनिटे द्या आणि पाहत राहा. न विचारता काही करू नका. पण विचारल्याशिवाय दिवसही जाऊ देऊ नका. चूक झाली तर ती लगेच सांगा. लपवलेली चूक पुढच्या पाळीतल्या मित्राच्या हातावर पडते.

पालकांनी पहिल्या नोकरीत केवळ पगाराचा आकडा विचारू नये. ‘तेथे तुला सेटिंग शिकवतात का?’ हेही विचारावे. हजार रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण शिकायला मिळेल अशी जागा पहिली दोन वर्षे अधिक मोलाची. घरची निकड असते, कर्जाचे हप्ते असतात, हे मान्य आहे. तरीही बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी आपण शहाणा मानत नाही, याचाही विचार व्हावा.

आणि ज्यांच्या हाती कारखाने आहेत त्यांनी महिन्यातून काही तास एक यंत्र आणि काही टाकाऊ तुकडे नव्या मुलांसाठी राखून ठेवावेत. तेथे त्यांना चुकू द्यावे. आठवड्याला एक सेटिंग मुलाने करायचे, सेटरने शेजारी उभे राहून फक्त पाहायचे आणि बटण दाबण्यापूर्वी तपासायचे, एवढी साधी व्यवस्था पुरते. आदळलेल्या एका स्पिंडलच्या खर्चापुढे ती स्वस्त पडेल. मराठवाड्यातून येणारा मुलगा कष्टाला कमी नाही, हे सगळे कारखानदार मान्य करतात. त्याला विद्या देणे हे आता त्यांच्याकडे आहे.

शेवटी पुन्हा त्या पेरणीकडे. पहिल्या तासाला थांबून माती उकरणाऱ्या शेतकऱ्याला कोणी सेटर म्हणत नाही. पण त्याच्या त्या वाकण्यात या सगळ्या विद्येचे सार आहे. साधन नीट लाव, आधी थोडेसे करून पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी तपास, आणि मगच पुढे जा. हिंगोलीच्या मुलाला हे नव्याने शिकायचे नाही. वडिलांना ते करताना त्याने लहानपणापासून पाहिले आहे. कारखान्याच्या दारातून आत जाताना त्याने ते घरी ठेवून जाऊ नये, एवढीच अपेक्षा.